गॉटहिल्फचं इंजिन अजून पोचायचं होतं

गॉटहिल्फ नेगेलेने उभ्या आयुष्यात एकदाही कुणाच्या पुढे गाडी काढली नाही. काढायची म्हटली असती तरी लोकांनी काढू दिली नसती, कारण तो नगरपालिकेची मयताची गाडी चालवायचा. चर्चपासून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत ती काळी लांबडी गाडी, मागून चालत येणारी माणसं आणि पुढे काचेआड ताठ बसलेला गॉटहिल्फ, ओठ मिटून, पाय ब्रेकवर. त्याच्या गिऱ्हाइकांना घाई नव्हती आणि त्यालाही नव्हती. आमच्या आल्बवाइलरमधली म्हातारी माणसं म्हणायची, जायचंच असेल तर नेगेले निवृत्त व्हायच्या आत गेलेलं बरं, नंतरचा ड्रायव्हर खड्ड्यांतून आपटत नेईल. दोघातिघांनी तर खरंच तेवढी वेळ साधली.

मी गुडरुन झाउटर. माझा नवरा वेंडेलिन आमच्या गावच्या मॉडेल रेल्वे मंडळाचा अध्यक्ष आहे. म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्यांचा. 'खेळण्यातल्या' असं म्हटलं की तो जेवणाच्या ताटावरून उठतो, म्हणून घरात मी 'प्रमाणबद्ध प्रतिकृती' म्हणते. इथं तो नाही, तेव्हा मी मला हवं ते म्हणणार. स्टेशनला लागून जुनी मालाची वखार आहे, तिथं हे मंडळ भरतं. पुरुष रुळांवर वाकलेले असतात आणि आम्ही बायका केक आणि कॉफी पुरवतो. आम्हाला कुणी सदस्य करून घेतलं नाही, आणि आम्ही मागितलंही नाही. मागितलं असतं तर वर्गणी भरावी लागली असती, आणि आम्ही जर्मनीतल्या श्वाबियातल्या बायका आहोत, दमडी सहज सुटत नाही.

केक करणाऱ्यांत पहिला मान रोझविता आइझेलेचा. तिच्या नवऱ्याला टेकडीवर गॉटहिल्फनेच पोचवलं. त्या दिवशी रोझविताच्या पायात बहिणीचे उसने काळे बूट होते, एक नंबर लहान. ती गाडीच्या मागे चालत होती आणि गाडी तिच्या पावलांबरोबर चालत होती. ती थबकली की गाडी थबकायची, आणि तेही असं की आतल्या फुलांची पाकळी हलू नये. दफन झाल्यावर लोक हळहळ व्यक्त करून सूप प्यायला गेले, तेव्हा ही गाडीपाशी जाऊन म्हणाली, "छान चालवलीत." गॉटहिल्फच्या कामाचं कौतुक कुणी करत नसे, कारण ज्याला कळलं असतं तो मागे आडवा असायचा. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. पुढच्या रविवारी तो तिच्याकडे कॉफीला गेला.

आणि मग अकरा वर्षं जातच राहिला. दर रविवारी तीन वाजता, हातात सुतळीने बांधलेलं फुलांचं छोटं पुडकं घेऊन. ती केक कापायची, तो दोन तुकडे खायचा, हवापाण्यावर बोलायचा आणि पाच वाजता उठायचा. अकरा वर्षांत दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली नाहीत. आमच्याकडे त्याची एक रीत असते: वयाने मोठ्या माणसाने किंवा बाईने आपणहून म्हणायचं, चला, आता तू म्हणू या, ग्लासाला ग्लास लावायचा आणि झालं. शेजारच्या दोन कुत्र्यांचे मालकसुद्धा महिनाभरात तेवढं उरकतात. ही दोघं मात्र 'नेगेलेसाहेब, अजून थोडी साय घ्या' आणि 'नको, आइझेलेबाई, पोट भरलं.' मी एकदा रोझविताला म्हटलं, "अगं, तो ताकाला येतो आणि भांडं लपवतो." ती म्हणाली, "त्यांचं सगळं सावकाश असतं." मी म्हटलं, "सावकाश आणि बंद यात फरक असतो बाई." ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

मयताची गाडी हातातून सुटल्यावर गॉटहिल्फला दुसरं वेड लागलं. निवृत्तीच्या दिवशी नगरपालिकेने त्याला छत्री दिली आणि वेंडेलिनने मंडळात ओढून आणलं. तिथं बाकीचे लोक इंजिनं पळवायचे. बोगद्यातून भुर्रकन बाहेर, पुलावरून गरगर. गॉटहिल्फने वीतभर लांबीचं एक वाफेचं इंजिन विकत घेतलं आणि ते कमीत कमी किती वेगाने चालवता येईल याच्या मागे लागला. त्या इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक इलेक्ट्रॉनिक चकती असते, बटणाएवढा एक स्पीकर असतो. चकती मोटरलाही हुकूम देते आणि आवाजही तीच काढते. चाक एकदा फिरलं की चार वेळा फुस्स झालं पाहिजे, चढ आला की फुस्स जड झालं पाहिजे, उतारावर हलकं. त्या चकतीच्या आकड्यांशी झटापट करण्यात त्याचे हिवाळेच्या हिवाळे गेले. आधी इंजिन सुरू होताना गचका द्यायचं. मग गचका गेला पण मधेच उचकी लागायची. मग उचकी गेली आणि इंजिन असं सरकायला लागलं की बघणाऱ्याला वाटावं आपलेच डोळे थकलेत.

एका गोष्टीचा मात्र त्याला मनापासून राग होता. ओटमार हेफेले म्हणून आमच्याकडे डिझेल इंजिनवाला आहे, पेशाने चष्मे विकणारा. त्याच्या इंजिनात आधी घरघर सुरू व्हायची आणि कितीतरी वेळाने ते हलायचं. गॉटहिल्फ, जो एरवी 'आज गारवा आहे'च्या पलीकडे जात नाही, तो भर बैठकीत उभा राहून म्हणाला, "आवाज आहे आणि हालचाल नाही, याला माझ्या भाषेत खोटं बोलणं म्हणतात." ओटमार म्हणाला, "अरे, खरं डिझेल इंजिन असंच करतं!" गॉटहिल्फ म्हणाला, "मग तेही खोटं बोलतं." आणि खाली बसला. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोझविताकडे बघितलं. ती भांडी पुसत होती आणि तिने वर बघितलं नाही.

आता स्पर्धेचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. दर ऑक्टोबरात मंडळाची मंदगती स्पर्धा असते. एक मीटर रूळ. न थांबता ज्याचं इंजिन सगळ्यात उशिरा पलीकडे पोचेल तो जिंकला. ऐकायला सोपं वाटतं. पण सगळी इंजिनं इतकी हळू झाली की ती चालतायत की थांबलीत हे कुणालाच सांगता येईना. पुरुष टेबलाला गाल लावून, एक डोळा मिटून बसायचे. एक म्हणे हललं, दुसरा म्हणे तूच हललास. एका वर्षी यावरून दोन सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं. शेवटी मंडळाने सर्वसाधारण सभा बोलावली आणि बहुमताने नियम केला: आवाज येतो आहे तोवर गाडी चालू आहे असं धरावं. डोळ्यावर भरवसा नको, कान सगळ्यांना सारखे. माझ्या नवऱ्याला या नियमाचा इतका अभिमान की त्याने तो चौकटीत घालून भिंतीवर लावला. त्याच चौकटीत खाली दुसरा नियम होता: इंजिनाला हात लावणारा स्पर्धक बाद.

त्या वर्षीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी रोझविता माझ्याकडे आली. दोघींनी मिळून अलुबुखारचा केक करायचा होता. तिने फळं चिरायला घेतली आणि बिया काढता काढता म्हणाली, "गुडरुन, मी विचारलं त्यांना."

"काय विचारलंस?"

"ब्रेमरहाफेनचं."

ते मला माहीत होतं. ब्रेमरहाफेनला समुद्राकाठी तिच्या बहिणीचं घर आहे, वरचा मजला रिकामा. बहीण कधीपासून बोलावत होती, कायमची ये म्हणून. आता तिने निर्वाणीचं सांगितलं होतं, या महिन्यात आलीस तर ठीक, नाहीतर वरचा मजला एका दातांच्या डॉक्टरला देते.

"मी म्हटलं, नेगेलेसाहेब, मी जाऊ का राहू, ते एका शब्दात सांगा."

"मग?"

"त्यांनी कप खाली ठेवला. मग उचलला. मग म्हणाले, शनिवारी स्पर्धा झाली की सांगतो."

माझ्या हातातलं लाटणं मी आपटलं. "अगं, त्या माणसाला एका शब्दासाठी आठवडा लागतो? आणि तू ऐकून घेतलंस?"

"मी म्हटलं, शनिवारी सव्वापाचची गाडी आहे आणि मी तिकीट काढलंय. ते बदलून मिळत नाही."

 बदलून न मिळणारं तिकीट श्वाबियातली बाई काढते तेव्हा ती थट्टा करत नसते. ती पुढे म्हणाली, "मला जायचं नाहीये, गुडरुन. मला समुद्र आवडत नाही, सतत वारा असतो. पण मला हाक न मारणाऱ्या माणसासाठी मी किती वर्षं दार उघडं ठेवू?" तिचे डोळे भरले होते आणि हात अलुबुखारच्या रसाने माखले होते, म्हणून मीच माझ्या एप्रनने तिचे डोळे पुसले. खरं सांगते, त्या क्षणी गॉटहिल्फ समोर असता तर मी त्याला त्याच्याच काळ्या गाडीत घातला असता.

शनिवारी सकाळी ओटमारचं डिझेल पहिलं सुटलं. घरघरत, कण्हत ते पाऊण तासात पलीकडे गेलं. टाळ्या झाल्या. आणखी चारपाच जणांची इंजिनं आली आणि गेली, कुणाचं मधेच थांबलं, कुणाच्या चकतीने भलत्याच ठिकाणी शिट्टी मारली. मग अकराच्या सुमाराला गॉटहिल्फने आपलं इंजिन रुमालातून काढून रुळावर ठेवलं. कोट घातलेला होता, मयताच्या गाडीवर घालायचा तोच. त्याने बटण इतकंसं फिरवलं आणि तसंच धरून ठेवलं, कारण सोडलं की इंजिन बंद होतं. कितीतरी वेळ काही नाही. मग, फुस्स. लोक जरा पुढे सरकले. मग परत कितीतरी वेळ काही नाही. फुस्स. दोन फुस्सच्या मधे माणूस नाक शिंकरून रुमाल घडी करून ठेवू शकत होता. वेंडेलिन माझ्या कानात म्हणाला, "काय चाललंय बघ! अप्रतिम!" मी म्हटलं, "काय चाललंय तेच दिसत नाही."

दुपारी आम्ही बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज वाढलं. गॉटहिल्फने उभ्यानेच खाल्लं, एक हात बटणावर. इंजिन तेव्हा अर्ध्याच्या जरा पुढे होतं, ते मी स्वतः बघितलं. रोझविताने त्याच्यापुढे ताट धरलं. त्याने तिच्याकडे बघितलं, ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि इंजिन म्हणालं फुस्स.

जेवणानंतर केक आला. ओटमार केकची बशी घेऊन इंजिनावर वाकला, बघू या म्हणाला, आणि केकवरचा लोणी-साखरेचा एक कण त्याच्या बशीतून टपकन रुळावर पडला, इंजिनाच्या पुढच्या चाकाच्या अगदी समोर. ओटमार फुंकर मारायला गेला.

"थांब!" वेंडेलिन ओरडला. "फुंकर मारायची नाही! फुंकर ही मदत आहे की अडथळा, ते आधी ठरायला हवं."

"अरे, कण आहे केकचा!"

"कण कुणी पाडला? प्रतिस्पर्ध्याने. आता तोच प्रतिस्पर्धी फुंकर मारणार? उद्या लोक काय म्हणतील?"

परीक्षक बाजूला जाऊन कुजबुजले. ठरलं असं की कण हवामानासारखा धरावा, म्हणजे कुणाचा दोष नाही आणि कुणी हात लावायचा नाही. इंजिन येईल आणि त्याला चिरडून जाईल. सगळे कणाभोवती खुर्च्या टाकून बसले. मला वाटतं आमच्या गावात एका केकच्या कणाकडे इतक्या सुशिक्षित माणसांनी यापूर्वी कधी बघितलं नव्हतं.

फुस्स, इंजिन म्हणालं. आणि परत फुस्स. कॉफी संपली, दुसरी केली. कण होता तिथंच होता आणि त्याच्यापासून केसभर अंतरावर चाक होतं तिथंच होतं. ओटमारने खिशातून दुकानातलं भिंग काढलं आणि बराच वेळ लावून धरलं. मग तो सरळ उभा राहिला.

"मेलंय," तो म्हणाला.

"काय मेलंय?"

"इंजिन! चाक फिरतच नाहीये. दुपारपासून इथंच उभं आहे. नुसता आवाज येतोय!"

सगळ्यांनी वेंडेलिनकडे बघितलं. वेंडेलिनने भिंतीकडे बघितलं. "आवाज येतो आहे तोवर," त्याने वाचून दाखवलं, "गाडी चालू आहे असं धरावं."

"पण ती चालू नाहीये!"

"ओटमार, या ठरावाला तूच अनुमोदन दिलं होतंस."

"तेव्हा मला काय माहीत, कुणी असं उभं राहील म्हणून!"

"मग पुढच्या सभेत दुरुस्ती सुचव. आज नियम हा आहे. आज हे इंजिन चालतंय."

आणि शपथेवर सांगते, ती सगळी मोठाली माणसं, त्यात एक न्यायाधीश होता, एक शाळेचा मुख्याध्यापक होता, परत खुर्च्यांवर बसली आणि न चालणारं इंजिन चालताना बघू लागली. कुणी बटण बंद करा म्हणेना, कारण तसा नियम नव्हता.  गॉटहिल्फच्या कपाळावर मात्र घाम होता. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

पाचला दहा कमी असताना रोझविताने कोट चढवला. तिची बॅग दारातच होती. ती सगळ्यांना म्हणाली, "मग मी निघते." लोकांनी सुखरूप जा वगैरे म्हटलं. तिने गॉटहिल्फकडे बघितलं. "नेगेलेसाहेब, झाली का स्पर्धा?"

"अजून पोचलं नाही," गॉटहिल्फ म्हणाला. आवाज इतका बारीक की फुस्स त्याहून मोठं होतं.

"असं," ती म्हणाली आणि गेली. फलाट अगदी वखारीला लागून आहे, खिडकीतून ती दिसत होती. वाऱ्यात बॅगेच्या बाजूला ताठ उभी. मी गॉटहिल्फच्या शेजारी गेले आणि जेवढं हळू ओरडता येतं तेवढं ओरडले, "अरे गाढवा, जा ना बाहेर!" तो म्हणाला, "मला बटण सोडता येत नाही. सोडलं तर स्पर्धा संपते." मी म्हटलं, "मग संपू दे!" त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला विहिरीत उडी मारायला सांगितलं होतं.

तेवढ्यात फलाटावरच्या कर्ण्यातून आवाज आला. सव्वापाचची गाडी सुमारे चाळीस मिनिटं उशिरा येत आहे, कारण आधीची गाडी उशिरा आली. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. त्या दिवशी मात्र मी उशिरा येणाऱ्या सगळ्या गाड्यांना मनोमन हात जोडले.

जरा वेळाने वखारीचं दार उघडलं. रोझविता आत आली, नाक वाऱ्याने लाल झालेलं. "माझा केकचा डबा राहिला," ती म्हणाली. डबा चांगला होता, झाकण घट्ट बसणारा, असा आता मिळत नाही. ती डबा घ्यायला टेबलापाशी आली आणि थांबली. रुळाकडे बघत राहिली.

"हा कण माझ्या केकचा आहे," ती म्हणाली. "दुपारचा."

 इंजिन म्हणालं, फुस्स.

"नेगेलेसाहेब, हे चालतंय का?"

वेंडेलिनने घसा खाकरला. "नियमाप्रमाणे पाहिलं तर..."

"वेंडेलिन," मी म्हटलं, "तोंड मिट."

गॉटहिल्फ खाली बघत होता. मग वर बघितलं. "नाही," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"केक आला तेव्हापासून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आवाजावरून कळलं. ओझं असलं की आवाज जड होतो. हा हलका झाला. आत मोटर फिरतेय, पण चाकाला काही पोचत नाहीये."

"मग बोलला का नाहीत?"

इतकी वर्षं मी या माणसाला ओळखत होते, पण तो एका दमात इतकं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "ते पोचलं असतं तर मला तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं. माझा शब्द चुकला असता तर तुम्ही गेला असता. मला वाटलं, जोवर हे पोचत नाही तोवर तुम्ही वाट बघाल."

मला रडू आलं ते तेव्हा. राग तर होताच, पण या माणसाने सगळ्या गावासमोर, ज्याला तो स्वतः खोटं बोलणं म्हणतो ते दुपारभर केलं होतं, ती जाऊ नये म्हणून. मूर्ख! मी थर्मासचं झाकण उगाचच उघडलं आणि लावलं.

रोझविता रडली नाही. तिने डबा खाली ठेवला. उजव्या हाताचा मोजा काढला, एकेक बोट ओढून, नीट. मग तिने तर्जनी त्या इंजिनाच्या मागे लावली आणि ढकललं. एरवी असं इंजिन ढकललं तर चाकं फिरत नाहीत, घसटतात. हे मात्र लोण्यावरून गेल्यासारखं गेलं, कारण आतलं चाकावरचं दातेरी चक्र तडकून मोकळं झालं होतं. केकचा कण चिरडला गेला. इंजिन सरसर पुढे गेलं, स्पीकर मागून आपला फुस्स करत राहिला, आणि मीटरच्या शेवटी लावलेल्या लाल पट्टीला पुढचा भाग टेकला.

"पोचलं," रोझविता म्हणाली. "आता बोल."

'बोला' नाही, 'बोल'. सगळ्यांनी ऐकलं. ती त्याच्याहून दीड वर्षाने मोठी आहे, तिचा हक्कच होता, फक्त ग्लासं तेवढी नव्हती. बाहेर कर्ण्याने सांगितलं की गाडी फलाटावर येत आहे, कृपया मागे सरका. रूळ वाजायला लागले, खरे रूळ, आणि टेबलावरचे कप किणकिणले. गॉटहिल्फने बटणावरचा हात काढला. सकाळपासून पहिल्यांदा फुस्स थांबलं.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

एक शब्द मागितला होता, त्याने दोन दिले. त्याच्या मानाने ती उधळपट्टीच होती. गाडी आली, उभी राहिली, दारं उघडली आणि मिटली, आणि ते बदलून न मिळणारं तिकीट खिशात घेऊन रोझविता खुर्चीवर बसली. मला म्हणाली, "गुडरुन, कॉफी आहे का गं अजून?"

इकडे परीक्षकांची तातडीची बैठक बसली. इंजिन पोचलं होतं, त्यात वाद नव्हता. हात लावणारा स्पर्धक बाद, पण स्पर्धकाने हात लावलाच नव्हता. हात लावणारी बाई मंडळाची सदस्यही नव्हती, तेव्हा तिला कुठलाच नियम लागू होत नव्हता. वेळ मंडळाच्या इतिहासात झाली नव्हती इतकी. गॉटहिल्फ जिंकला. तो उठून म्हणाला, "ते चालत नव्हतं. चषक ओटमारला द्या." ओटमार म्हणाला, नियमाप्रमाणे मी हरलोय, भीक नको. तेव्हापासून तो चषक आमच्या कपाटात आहे, आणि दर सभेत त्याचा विषय निघतो आणि पुढे ढकलला जातो.

लग्न वसंतात झालं, नगरपालिकेतल्या विवाह नोंदणीच्या खोलीत. नोंदणी अधिकारी नवा होता, बाहेरगावचा, त्याला गॉटहिल्फ ठाऊक नव्हता. त्याने रोझविताला विचारलं, ती हो म्हणाली. मग त्याने गॉटहिल्फला विचारलं. गॉटहिल्फने तोंड उघडलं. आम्ही वाट बघितली. त्याने तोंड मिटलं, छाती भरून श्वास घेतला, सोडला, परत घेतला. अधिकारी पांढरा पडला. त्याने टाय सैल केला, कागदाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मागच्या ओळीत कुणीतरी खोकलं. वेंडेलिनने तर सवयीने घड्याळ काढलं होतं.

रोझविताने मान वळवली नाही. ती समोरच बघत होती, हसरी, हातात फुलं. फक्त तिचा उजवा हात मागे गेला आणि तिने त्याच्या पाठीवर, कोटाच्या शिवणीपाशी, एक बोट टेकवलं.

"हो," गॉटहिल्फ म्हणाला.

वेंडेलिन माझ्याकडे वाकला. "हात लावला तिने," तो कुजबुजला.

"लावू दे," मी म्हटलं. "ती सदस्य नाहीये."